पहिला रेझ्युमे कसा लिहावा: नोकरीचा अनुभव नसलेल्या गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी

‘अनुभव’ हा रकाना आला की पहिल्यांदाच रेझ्युमे लिहिणारा विद्यार्थी अडतो. इथे लिहिण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही अशी त्याची खात्री असते. मग उरलेलं पान तो सुचेल त्या गोष्टींनी भरतो: वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, ‘वाचन, प्रवास, संगीत’ हे छंद, नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवण्याची इच्छा आणि तळाला वरील माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. पान भरतं, पण हा मुलगा काय करू शकतो ते वाचणाऱ्याला कळत नाही. त्याच मुलाने तीन वर्षं वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवलेला असतो. सुट्टीत काकांच्या दुकानाचा गल्ला सांभाळलेला असतो. त्याबद्दल पानावर एक ओळही नसते, कारण त्याचा पगार मिळाला नव्हता.

पहिल्या रेझ्युमेत तुम्ही केलेलं काम दिसलं पाहिजे. ते पगारी होतं की नाही, हा प्रश्न नंतरचा. हॉटेलचा मॅनेजर असो, वेर्ण्याच्या औषध कंपनीतला एचआर असो की फोंड्यातला चार्टर्ड अकाउंटंट, नवख्या उमेदवारात तिघेही तेच शोधतात: सांगितलेलं काम हा पोर धड करील का, वेळेवर येईल का, शिकेल का. याचा पुरावा तुमच्या आयुष्यात असतो. तो शोधून नीट मांडायचा आहे.

सुरुवातीला सरकारी नोकरीबद्दल थोडंसं, कारण गोव्यात घरोघरी पहिली चर्चा तिचीच असते. तिथे रेझ्युमेला फारसा अर्थ नाही. गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या भरतीत ऑनलाइन अर्ज आणि संगणकावरची परीक्षा असते. जाहिरातीत 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं चालू कार्ड, कोकणीचं ज्ञान अशा अटी येतात. मराठीचं ज्ञान बहुधा ‘इष्ट’ म्हणून नोंदलेलं असतं. ती कागदपत्रं वेगळी तयार ठेवा. हा लेख खासगी नोकरी, इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिपसाठी आहे.

पायरी 1: आधी वही घ्या, फॉरमॅट नंतर

इंटरनेटवरून सुंदर टेम्प्लेट उतरवून त्यातले रकाने भरायला बसू नका. रकाना रिकामा दिसला की मन घाबरतं आणि काहीतरी बनवून लिहिलं जातं. साधी वही घ्या आणि मराठीतच लिहायला लागा. कोकणीत सुचलं तर कोकणीत लिहा. ही यादी कुणाला दाखवायची नाही.

‘मी काय काय केलं?’ असा मोघम प्रश्न विचारला तर डोकं रिकामं होतं. त्यापेक्षा गेल्या तीन वर्षांतला एकेक महिना आठवा. गोव्याचं वर्ष त्यासाठी फार सोयीचं आहे. चवथीला काय केलंत? माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या छताचं) सामान कुणी जमवलं, मंडळाच्या पावत्या कुणी फाडल्या, भजनाची जुळवाजुळव कुणाकडे होती? दिवाळीत नरकासुर बांधलात का, सांगाड्याचं वेल्डिंग किंवा रंगकाम तुमच्याकडे होतं का? नोव्हेंबरात पणजीला इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी स्वयंसेवक म्हणून उभे राहिलात का? जत्रेच्या नाटकात काम केलंत, की पडद्यामागे होतात? शिगम्याच्या मिरवणुकीत पथक कुणी सांभाळलं? मार्च ते मे काजूच्या हंगामात बागायतीत वजन आणि मजुरीची वही कुणाच्या हातात होती? पर्यटकांच्या हंगामात घरच्या गेस्ट हाऊसचं बुकिंग कोण बघत होतं?

याच्या जोडीला कॉलेजातलं आठवा: प्रोजेक्ट, प्रयोगशाळा, एनएसएस, एनसीसी, खेळ, स्नेहसंमेलन, वर्ग प्रतिनिधी. मग घरातलं: धाकट्या भावंडांची किंवा शेजारच्या मुलांची शिकवणी, आईच्या स्वयंसहाय्य गटाचे हिशेब, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजीसोबत मांडलेलं दुकान.

यादी झाली की आईला आणि एका जवळच्या मित्राला विचारा, ‘मी काय विसरलो?’ ही पायरी गाळू नका. ज्या गोष्टी आपल्याला सहज येतात त्या आपण कामात धरतच नाही. बाजूच्या माणसाला त्या बरोबर दिसतात.

पायरी 2: जाहिरात पेन्सिल घेऊन वाचा

आता समोर एक खरी जाहिरात हवी. ‘सगळीकडे चालेल’ असा रेझ्युमे कुठेच नीट चालत नाही. जाहिरातीत मागितलेल्या गोष्टींखाली रेघ मारा आणि वहीतली कोणती नोंद त्यातल्या कशाला उत्तर देते ते बाजूला लिहा.

कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलातल्या फ्रंट ऑफिसला भाषा, अनोळखी माणसाशी बोलण्याची सवय आणि शिफ्टची तयारी हवी असते. तिथे गेस्ट हाऊसचं बुकिंग आणि इफ्फीतली स्वयंसेवा वर येईल. हिशेबनिसाच्या जागेला टॅली, एक्सेल, जीएसटीची प्राथमिक समज लागते. तिथे मंडळाच्या वर्गणीचा जमाखर्च पुढे आणा.

औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांना मोठी संधी असते. पण बहुतेक मुलं ‘प्रयोगशाळेचं ज्ञान’ एवढंच लिहून थांबतात. तुम्ही स्वतःच्या हाताने काय वापरलंत ते नावानिशी लिहा: टायट्रेशन, पीएच मीटर, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, ॲनालिटिकल बॅलन्स. नुसतं पाहिलेलं उपकरण ‘वापरलं’ म्हणून लिहू नका. मुलाखतीत कॅलिब्रेशनवर, म्हणजे उपकरणाची अचूकता कशी तपासता यावर, प्रश्न येऊ शकतो. प्रयोगवहीत निरीक्षण लगेच, शाईने, खाडाखोड न करता नोंदवायची सवय असेल तर तीही लिहा. औषधनिर्मितीत नोंद नसलेलं काम झालेलंच नाही असं धरतात, त्यामुळे तिथे या सवयीला खरंच किंमत आहे.

पायरी 3: एकेक ओळ घडवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: तुम्ही काय केलंत, किती केलंत आणि त्यातून काय झालं. ओळीचा भर तुम्ही केलेल्या कृतीवर ठेवा. ‘सहभाग घेतला’, ‘मदत केली’, ‘आवड आहे’ हे शब्द शक्यतो टाळा, त्यातून काहीच दिसत नाही.

‘एनएसएसमध्ये सहभाग’ ही ओळ हजारो रेझ्युमेंत असते. एनएसएसच्या नियमित स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात आणि सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. ते पूर्ण केलं असेल तर आकडे लिहा: ‘एनएसएस स्वयंसेवक, दोन वर्षांत 240 तास पूर्ण. सात दिवसांच्या निवासी शिबिरात 50 जणांच्या जेवणाची खरेदी केली, रोजचा खर्च नोंदवला, उरलेल्या पैशांसह हिशेब प्राध्यापकांना दिला.’ दुसरी ओळ वाचल्यावर या मुलाच्या हातात पैसे देता येतील हे कळतं.

‘वडिलांना दुकानात मदत’ याऐवजी: ‘घरच्या किराणा दुकानात दोन वर्षं शनिवार-रविवार काउंटर सांभाळला. रोख व यूपीआय व्यवहार, रात्री गल्ला जुळवणं, संपत आलेल्या मालाची यादी पुरवठादाराला पाठवणं.’

‘नाटकाची आवड’ याऐवजी: ‘जत्रेतल्या मराठी नाटकाची रंगमंच व्यवस्था पाहिली. 12 कलाकारांच्या तालमींचं वेळापत्रक लावलं, नेपथ्य, ध्वनी आणि वेशभूषेवाल्यांशी बोलणी केली.’ एवढ्या माणसांना महिनाभर रात्री वेळेवर एकत्र आणणं हे इव्हेंट कंपनीत पगार घेऊन केलं जाणारं काम आहे.

वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थिनीला तर माटोळीच पुरते. ‘चवथीच्या माटोळीसाठी स्थानिक रानफळं व वनस्पती गोळा केल्या, 60 प्रकारांची स्थानिक आणि शास्त्रीय नावांसह छायाचित्र-सूची बनवली.’ पर्यावरण सल्लागाराच्या कार्यालयात ही ओळ नक्की थांबून वाचली जाईल. सूची अजून बनवलेली नसेल तर पुढच्या चवथीला बनवा.

प्रोजेक्टबद्दल लिहिताना नुसतं शीर्षक देऊन सोडू नका. गटात पाच जण असतील तर तुमचा वाटा कोणता ते सांगा: ‘पाच जणांच्या गटात सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार केली, 80 दुकानदारांच्या मुलाखतींची माहिती एक्सेलमध्ये भरून तक्ते काढले.’

वरचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा. फुगवू मात्र नका. गोवा लहान आहे. मुलाखत घेणारा तुमच्या गावातल्या कुणाला ओळखत असण्याची शक्यता पुष्कळ. एक कसोटी लावा: प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं बोलता येतं का? येत नसेल तर ती ओळ काढा.

पायरी 4: पानाची मांडणी

एकच पान, ए-4. पहिल्या रेझ्युमेला दुसरं पान लागत नाही.

वर नाव, मोबाइल, ईमेल, गाव आणि तालुका. घर क्रमांकासह पूर्ण पत्त्याची गरज नाही. ईमेल नावाचाच असू द्या. शाळेत असताना गमतीने उघडलेला पत्ता इथे चालणार नाही. नावाचं इंग्रजी स्पेलिंग गुणपत्रिकेवर आहे तेच ठेवा. आपल्याकडे पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं अजून कागदोपत्री आहेत. आडनाव जन्मदाखल्यावर एक, गुणपत्रिकेवर दुसरं, असं अनेक घरांत दिसतं. नोकरी लागल्यावर कागद तपासले जातात तेव्हा हा फरक त्रास देतो. फरक असेल तर आत्ताच दुरुस्तीच्या मागे लागा.

नावाखाली दोन-तीन ओळींचा परिचय. मग शिक्षण, त्याखाली काम आणि प्रोजेक्ट, मग कौशल्यं, भाषा आणि इतर उपक्रम. शिक्षण सर्वांत अलीकडचं आधी. शिकत असाल तर पदवी कधी अपेक्षित आहे ते वर्ष टाका. सीजीपीए लिहिताना तो कितीपैकी आहे तेही द्या, म्हणजे ‘10 पैकी 7.4’. एखादा पेपर राहिला असेल तर लपवू नका. निकाल लागेपर्यंत ‘अपेक्षित’ हाच शब्द प्रामाणिक आहे.

वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, प्रतिज्ञापत्र, सही हे सगळं काढून टाका. आधार, पॅन, पासपोर्टचे क्रमांक तर कधीच नको. हा कागद किती हातांत फिरेल ते तुमच्या ताब्यात नसतं. फोटो जाहिरातीत मागितला असेल तरच लावा.

डिचोली तालुक्यातल्या बी.कॉम.च्या विद्यार्थिनीचा मजकूर साधारण असा होईल:

परिचय: बी.कॉम. अंतिम वर्ष. टॅलीमध्ये व्हाउचर नोंदी आणि बँक जुळवणी येते. स्वयंसहाय्य गटाचे हिशेब दोन वर्षं ठेवले आहेत. डिचोली किंवा म्हापसा भागात अकाउंट्स असिस्टंटचं काम हवं. परीक्षेनंतर लगेच रुजू होऊ शकते.

काम: महिला स्वयंसहाय्य गट, हिशेब (विनावेतन). 12 सभासदांच्या मासिक बचतीची व कर्जफेडीची नोंद, महिन्याला बँक पासबुकाशी ताळा, वार्षिक बैठकीसाठी जमाखर्च.

प्रोजेक्ट: गावातल्या दुकानदारांचा यूपीआय वापर. प्रश्नावली, प्रत्यक्ष मुलाखती, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल.

कौशल्यं: टॅली प्राइम, एक्सेल (व्हीलूकअप, पिव्होट टेबल), मराठी युनिकोड टायपिंग.

‘विनावेतन’ हा शब्द तिने स्पष्ट लिहिलाय ते पाहा. तो लिहिल्याने कामाची किंमत कमी होत नाही आणि कुणाची फसवणूकही होत नाही.

कौशल्यांत ‘एमएस ऑफिस’ एवढंच लिहिण्यापेक्षा त्यात काय करता येतं ते लिहा. ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर’ ही विशेषणं वरच्या कामातून दिसू द्या, वेगळी लिहू नका.

भाषांचा रकाना दुर्लक्षित ठेवू नका

सरकारी मराठी शाळेतून आलेली मुलं भाषांचा विषय आला की संकोचतात, हे मला दरवेळी खुपतं. कोकणी, मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी अशा चार भाषांत वावरणारा विद्यार्थी गोव्यात सर्रास आढळतो, आणि बाहेरून आलेल्या कंपनीला नेमका असाच माणूस हवा असतो. प्रत्येक भाषेपुढे बोलणं, वाचणं, लिहिणं वेगवेगळं नोंदवा. शाळेत पोर्तुगीज घेतली असेल तर तीही लिहा. बँकेची ग्रामीण शाखा, पतसंस्था, मराठी वृत्तपत्राचं कार्यालय, शाळा, देवस्थान समिती इथे शुद्ध मराठी लिहिता येणं आणि युनिकोडमध्ये टाइप करता येणं हे ठोस कौशल्य आहे. अशा ठिकाणी अर्जही मराठीतच द्या.

बाकी बहुतेक ठिकाणी रेझ्युमे इंग्रजीतच लागतो. त्यासाठी इंग्रजीत विचार करायची गरज नाही. ओळी मराठीत पक्क्या करा, मग लहान, साध्या वाक्यांत इंग्रजीत उतरवा. झालेल्या कामाचं क्रियापद भूतकाळी, चालू कामाचं वर्तमानकाळी. इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवा. मोबाइलवरच्या एआयकडून व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, पण ते तुम्ही न केलेल्या गोष्टी सहज घुसवतं आणि साध्या कामाला अवजड शब्द चढवतं. त्याने दिलेला मजकूर मोठ्याने वाचा. जो शब्द तुम्ही मुलाखतीत तोंडाने वापरणार नाही तो काढा.

पायरी 5: दिसणं आणि फाइल

साधा फॉन्ट, मजकूर 10.5 ते 11 पॉइंट, चारही बाजूंना सुमारे 2 सेंटिमीटर समास. एकच उभा स्तंभ ठेवा. मोठ्या कंपन्या आणि नोकरीच्या वेबसाइट रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरने वाचतात. दोन स्तंभ, चौकटी, चित्रं यांत त्या सॉफ्टवेअरचा गोंधळ उडतो आणि तुमचं शिक्षण भलत्याच रकान्यात जाऊन पडतं. कौशल्यापुढे पाचपैकी चार तारे काढण्याची फॅशनही सोडा, त्याचा अर्थ कुणालाच ठरवता येत नाही.

गुगल डॉक्समध्ये मोबाइलवरही हे सगळं फुकट होतं. पीडीएफ करा, फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या, आणि पाठवण्याआधी ती मोबाइलवर उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी तुमचा रेझ्युमे व्हॉट्सॲपवरूनच वाचला जाणार आहे.

झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेत असाल तर शेजारी बसून करून घ्या. तिथे बहुधा दुसऱ्या कुणाच्या जुन्या फाइलवर नाव बदललं जातं आणि त्याचा परिचय, कधी कधी त्याचा फोन नंबरही, तुमच्या पानावर राहतो. काम झालं की फाइल स्वतःला मेल करा आणि त्यांच्या संगणकावरून काढायला लावा.

पायरी 6: पाठवणं

मेल कोरा पाठवू नका. विषयात पद आणि तुमचं नाव, आत चार-पाच वाक्यं: जाहिरात कुठे पाहिली, काय शिकताय, त्या कामाला उपयोगी पडणारी तुमची एक गोष्ट, कधीपासून येऊ शकता, फोन नंबर. पुरे.

संदर्भासाठी दोन माणसं ठरवून ठेवा, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी किंवा प्रोजेक्टचे मार्गदर्शक. आधी त्यांना विचारा. त्यांचे नंबर पानावर छापू नका, मागितल्यावर द्या.

थेट मुलाखतीला बोलावलं तर रेझ्युमेच्या तीन प्रती, गुणपत्रिकांची मूळ प्रत आणि झेरॉक्स न्या. मूळ प्रमाणपत्र कुणाकडे ठेवून येऊ नका. नोंदणी, गणवेश, ट्रेनिंग, डिपॉझिट अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले तर तिथून निघा. बोटीवरच्या नोकरीसाठी एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा खलाशी भरतीचा (आरपीएसएल) परवाना आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर बघा. परदेशातल्या नोकरीसाठी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते. गोव्यातल्या किती तरी घरांनी इथे कष्टाचे पैसे गमावलेत.

वही खरंच रिकामी असेल तर

तसं फार क्वचित असतं, पण असेल तर पुढच्या सुट्टीत ती भरता येते. केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे अभ्यासक्रम मोफत आहेत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडतं. अप्रेंटिसशिपमध्ये शिकताना 1961 च्या अप्रेंटिसेस कायद्याखाली विद्यावेतन मिळतं. अप्रेंटिसशिपच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करून गोव्यातल्या जागा शोधा. गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी संगणकावर करून द्यायची तयारी दाखवा. फुटबॉल स्पर्धेचे सामने, गुण आणि खर्च यांची नोंद ठेवा. काम सुरू केलं त्या दिवसापासून तारखा आणि आकडे लिहून ठेवा, नंतर आठवत नाहीत.

रेझ्युमे कुठे पाठवला, कोणत्या तारखेला आणि कोणती आवृत्ती, याचं एक पान त्याच वहीत करा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एक नम्र मेल पाठवा. फोन कधी कधी महिन्यानेही येतो, आणि तेव्हा समोरच्याच्या हातात तुमचा कोणता कागद आहे हे त्या पानावरून लगेच कळतं.